फटी बुजवल्यावर श्वास कुठून घ्यायचा? वेदरायझेशन, व्हेंटिलेशन आणि घरातली हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत घरांचं एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी, करतो. मराठी घरात गेलो की काम संपल्यावर चहा होतो आणि चहासोबत ठरलेले प्रश्न येतात. म्हटलं, उत्तरं एकदा लिहूनच काढू. सगळी उदाहरणं इथल्या थंडीतल्या, लाकडी सांगाड्याच्या घरांची आहेत. पुण्या-मुंबईच्या काँक्रीटच्या फ्लॅटला यातलं बरंचसं लागू पडत नाही.

वेदरायझेशन म्हणजे नेमकं काय करतात?

कोकणात पावसाआधी घर शाकारतात, फुटकी कौलं बदलतात, वाऱ्याच्या बाजूला झापं बांधतात. तशीच ही शाकारणी, फक्त पावसाऐवजी थंडीसाठी. हवेच्या फटी बुजवायच्या, ॲटिक (छपराखालचा माळा) आणि भिंतींत इन्सुलेशन भरायचं, डक्टचे (हवा नेणाऱ्या नळ्यांचे) सांधे बंद करायचे, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि वॉटर हीटर सुरक्षित चालतात का ते तपासायचं. नीट काम करणारी कंपनी यातच पंखे आणि ताज्या हवेची सोयही धरते. जी धरत नाही तिला मी अर्धवट काम म्हणतो.

फटी बुजवल्या तर घर कोंदट होणार नाही का? आई म्हणते, घराला श्वास घेता आला पाहिजे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आईचं निम्मं बरोबर आहे. माणसांना हवा लागतेच. पण फटीतून येते ती ताजी हवा, हा समज काढून टाका.

हिवाळ्यात दुमजली घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा वर चढते आणि ॲटिकच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. खालून म्हणजे कुठून? बेसमेंटच्या ओलीतून, क्रॉल स्पेसच्या (घराखालच्या बुटक्या पोकळीच्या) मातीतून, घराला चिकटून असलेल्या गॅरेजमधून, जिथे गाडी, रंगाचे डबे आणि लॉनमोअर ठेवलेला असतो. खिडकीजवळ बसून तुम्हाला जी झुळूक लागते ती बाहेरची असेलही, पण झोपायच्या खोलीत पोचलेली बरीचशी हवा आधी बेसमेंट फिरून आलेली असते. घरात पाऊल टाकताच कुबट वास आला की तो बहुतेक वेळा तिथलाच असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. फटीतून हवा सगळ्यात जास्त कधी येते? जानेवारीतल्या कडाक्याच्या, वाऱ्याच्या रात्री, म्हणजे नको असते तेव्हा. ऑक्टोबरातल्या शांत, सौम्य दिवशी, खिडक्या बंद आणि हीटिंगही बंद असताना, ती जवळजवळ येतच नाही. म्हणजे फटकं (फटींनी भरलेलं) घर एका रात्री गारठवतं आणि दुसऱ्या दिवशी घुसमटवतं. फटी बुजवून पंख्याने मोजून हवा आणली की ती कुठून आणि किती यायची, हे तुमच्या हातात येतं. म्हणून दोन्ही कामं मी एकच धरतो. नुसत्या फटी बुजवून घ्यायच्या असतील तर मी ग्राहकाला थांबायला सांगतो.

ऑडिटला पुढच्या दारात मोठा पंखा लावतात. तो कशासाठी?

त्याला ब्लोअर डोअर म्हणतात. दाराच्या चौकटीत कापड ताणून पंखा बसवतात आणि घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात. ताशी २० मैलांचा वारा घरावर चारही बाजूंनी एकदम आदळावा, तसा परिणाम होतो. घराला काही होत नाही. मात्र आधी फायरप्लेसची राख काढायची, वॉटर हीटर बंद ठेवायचा आणि देवघरातला दिवा शांत करायचा.

यातून तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते कळतं. २०१२ पासूनच्या आदर्श बांधकाम नियमावलीत थंड भागातल्या नव्या घरांसाठी या दाबाखाली ३ ही मर्यादा आहे. पन्नास-साठ वर्षांच्या घरात मला १० च्या वरचा आकडा सहज दिसतो. पण आकड्यापेक्षा लोकांना पटतं ते हाताला लागणारं वारं. पंखा चालू असताना भिंतीतल्या विजेच्या सॉकेटवर हात धरायला सांगतो. तोंडं बघण्यासारखी होतात.

खिडक्या बदलल्या तर काम होईल ना?

सगळ्यांना खिडक्याच बदलायच्या असतात, कारण त्या दिसतात. खिडक्या सगळ्यात महाग, आणि त्यांतून वाचणारी हवा तुलनेने थोडी. मोठ्या फटी असतात ॲटिकच्या झाकणाभोवती, छतात बसवलेल्या दिव्यांभोवती, पाइप वर जातात त्या पोकळीत, आणि बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकूड टेकतं त्या कडेला. तिथे फोम आणि कॉल्कचं (फटी बुजवायच्या लांबीचं) दोन दिवसांचं काम पुष्कळ मिळवून देतं.

ॲटिकमध्ये इन्सुलेशन आधीच आहे. मग?

गुलाबी किंवा पिवळी फायबरग्लासची गादी उचलून बघा. कुठे काळी पडली असेल तर नेमकी तिथे खाली फट आहे. वर्षानुवर्षं हवा त्यातून गेली आणि चहाच्या गाळणीत चोथा राहावा तशी धूळ मागे राहिली. फायबरग्लास उष्णता अडवतं, हवा अडवत नाही. म्हणून आधी फटी, मग त्यावर इन्सुलेशनची जाडी. न्यू जर्सीच्या ॲटिकला आर-४९ ते आर-६० चालतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद; आकडा मोठा तितकी जास्त). कंत्राटदार फटी न बुजवता वरून आणखी भर टाकतो म्हणाला तर ते स्वस्त पडेल, पण फटी गाडल्या जातील आणि पुढच्या माणसाला सगळं उपसावं लागेल.

स्वयंपाकाचं काय? फोडणी दिली की वरच्या मजल्यावर ठसका लागतो.

मराठी घरातल्या हवेचा खरा प्रश्न इथेच आहे, आणि इथले बिल्डर तो ओळखतच नाहीत. तेल तापून धूर निघाला की २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण काही मिनिटांत घरभर पसरतात. गॅसची शेगडी असेल तर त्यात नायट्रोजन डायऑक्साइडची भर.

आधी एक परीक्षा करा. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा मोठ्यावर लावा आणि त्याच्या वरच्या जाळीसमोर कपाळ धरा. वारं कपाळावर आलं तर तो पंखा धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. इथल्या असंख्य घरांत हेच असतं. माझ्या स्वतःच्या घरात तर डक्ट होता, पण आधीच्या मालकाच्या कंत्राटदाराने तो कपाटाच्या आत संपवला होता. दोन वर्षं आमच्या फोडणीची वाफ वाटी-ताटांवर बसत होती आणि मी, लोकांची घरं तपासणारा, बायकोला कपाट पुसायला मदत करत होतो.

हवा पाहिजे भिंतीबाहेर किंवा छपराबाहेर जाणारी. अमेरिकेत घरगुती व्हेंटिलेशनसाठी ॲशरे ६२.२ हे मानक वापरतात. त्यात शेगडीवरच्या हूडला (धूर ओढून घेणाऱ्या पंख्याला) मिनिटाला किमान १०० घनफूट, म्हणजे १०० सीएफएम, सांगितले आहेत. उकडलेल्या भाज्यांना ते पुरेल. आपल्या तळण-फोडणीला मी २५० ते ३०० सुचवतो. ४०० च्या वर जाऊ नका. तेवढी हवा बाहेर गेली की तेवढीच आत यायला हवी, आणि बांधकाम नियमांतही त्यापुढे भरपाईच्या हवेची सोय सक्तीची होते. मागच्या बर्नरवर फोडणी करा, कारण हूड पुढच्या बर्नरपर्यंत नीट पोचत नाही. तेल तापायला ठेवायच्या आधी पंखा लावा आणि स्वयंपाक झाल्यावर १०-१५ मिनिटं चालू ठेवा.

दिवाळीचं तळण आम्ही गॅरेजमध्ये करतो. ते बरं ना?

चकलीचा वास पडद्यांना लागत नाही एवढंच. घराला जोडलेल्या गॅरेजची हवा घरात ओढली जाते हे वर आलंच, आणि प्रोपेनची शेगडी बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. कढई डेकवर किंवा अंगणात, भिंतीपासून लांब मांडा. गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराला चारही बाजूंनी गॅस्केट हवं. आणि गाडी गरम करायला गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, मोठं दार उघडं असलं तरी.

इंडक्शन घ्यावं का?

हवेच्या दृष्टीने, हो. नायट्रोजन डायऑक्साइड जातो. तेलाचा धूर मात्र तसाच राहतो, म्हणून हूड लागतोच. लोखंडी कढई आणि बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतो, ॲल्युमिनियमचा चालत नाही. भरताचं वांगं ओव्हनच्या ब्रॉयलरखाली भाजतं, पण चव तीच आहे असं मी म्हणणार नाही.

बाथरूमचा पंखा आहे, तरी छतावर काळे ठिपके येतात.

टिश्यू पेपरचा एक तुकडा पंख्याला लावून बघा. चिकटून राहिला नाही तर पंखा फक्त आवाज करतोय. मानकाप्रमाणे लागेल तेव्हा चालणारा पंखा ५० सीएफएमचा, नाहीतर २० सीएफएमचा सतत चालणारा हवा. मग ॲटिकमध्ये जाऊन डक्ट कुठे संपतो ते पाहा. तो ॲटिकमध्येच मोकळा सोडलेला असेल तर आंघोळीची वाफ थंड लाकडावर जमते आणि छपराखाली बुरशी धरते. बाहेर काढा, आणि ॲटिकमधून जाणाऱ्या डक्टवर इन्सुलेशन गुंडाळा. आंघोळीनंतर अर्धा तास चालणारा टायमर बसवला की मुलांवर ओरडावं लागत नाही.

सगळ्या घराला किती ताजी हवा लागते?

ॲशरेचं गणित सोपं आहे. घराच्या क्षेत्रफळाला ०.०३ ने गुणा. बेडरूमच्या संख्येत एक मिळवून ७.५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा. २,००० चौरस फूट, तीन बेडरूम: ६० अधिक ३०, म्हणजे ९० सीएफएम. आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर थोडी जास्त धरा.

ही हवा आणायचा स्वस्त मार्ग म्हणजे बाथरूमचा एखादा शांत पंखा हळू वेगाने सतत चालू ठेवणं. फटी बऱ्याच उरल्या असतील तर तेवढं पुरतं. घर चांगलं बंदिस्त झालं असेल तर एचआरव्ही किंवा ईआरव्ही, म्हणजे शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारं यंत्र, बसवा. दोन्हींत बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या थंड हवेला आपली उष्णता देऊन जाते, हवा मात्र मिसळत नाही. ईआरव्ही थोडी वाफही परत देतो, त्यामुळे हिवाळ्यात घर फार कोरडं पडत नाही आणि उन्हाळ्यात बाहेरचा दमटपणा कमी येतो. न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यामुळे मी इथे बहुतेकांना ईआरव्ही सुचवतो. तीन-चार महिन्यांनी फिल्टर धुवा. बसवून पाच वर्षं कोणी हात न लावलेली, धुळीने गच्च झालेली यंत्रं मी पाहिली आहेत. घरमालक म्हणतात, मशीनचा काही फरक पडला नाही.

थंडीत खिडक्यांवर पाणी धरतं. ह्युमिडिफायर तर लावलाय.

मग तोच आधी बंद करा. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रता मोजणारं यंत्र घ्या. ३० ते ५० टक्क्यांत राहिलं की पुरे, आणि बाहेर बर्फ असेल तेव्हा ३० च्या जवळ. हिवाळ्यात घर फार कोरडं पडतं, नाकातून रक्त येतं, हे बहुतेकदा फटकं घर असल्याचं लक्षण आहे, कारण बाहेरच्या थंड हवेत वाफ नसतेच. फटी बुजल्या की पाच माणसांच्या श्वासाने, कुकरच्या शिट्ट्यांनी आणि बेसमेंटमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांनी आर्द्रता आपोआप वाढते.

रेडॉन म्हणजे काय, आणि फटी बुजवल्याने तो वाढतो का?

जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सर्गी वायू. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुऊर्जा केंद्रावर स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचा गजर वाजायला लागला, आणि तोही कामावर येताना. केंद्रात तेव्हा वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. शोध घेतल्यावर उगम त्याच्या घरात सापडला: प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, उपाय करण्यासाठी ठरवलेली पातळी ४ आहे. तिथल्या खडकांचा तोच पट्टा न्यू जर्सीच्या वायव्य भागातून पुढे न्यूयॉर्क राज्यात जातो, म्हणून आपल्याकडे हा विषय पुस्तकी नाही.

ईपीएच्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या सुमारे २१,००० मृत्यूंमागे रेडॉन आहे. धूम्रपानानंतरचं हे दुसरं मोठं कारण.

फटी बुजवल्याने तो वाढू शकतो. बाहेर जाणारी हवा कमी झाली आणि जमिनीकडून येणारी वाट तशीच राहिली तर वाढणारच. म्हणून चाचणी कामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. किमान ४८ तास, आणि त्याआधी १२ तास घर बंद. संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्रमाण जास्त निघालं तर घाबरून घर विकू नका. फरशीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवला की ते बहुतेक घरांत खाली येतं.

वॉटर हीटर जुना आहे. हवेशी त्याचा काय संबंध?

कदाचित या यादीतला सगळ्यात गंभीर संबंध. जुना गॅस वॉटर हीटर आपला धूर निव्वळ वर चढणाऱ्या उष्णतेच्या जोरावर चिमणीतून बाहेर टाकतो. घर बंदिस्त झालं, किचनचा मोठा हूड, ड्रायर आणि बाथरूमचे पंखे एकदम सुरू झाले, की ते चिमणीतूनच उलटी हवा ओढतात आणि धूर बेसमेंटमध्ये येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून सगळे पंखे मुद्दाम चालू करून, दारं बंद करून चिमणीची परीक्षा घेतात. फटी बुजवल्यावर ती पुन्हा घ्यायची. हीटर बदलायलाच आला असेल तर बंदिस्त ज्वलनाचा किंवा हीट पंपचा घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा गजर प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा, आणि त्याची मुदत मागे छापलेली असते ती वाचा.

घर १९५० चं आहे. काही धोका?

दोन ठिकाणी हात आवरा. ॲटिकमध्ये सोनेरी-तपकिरी, अभ्रकासारखे चमकणारे हलके खडे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे इन्सुलेशन म्हणून टाकलेलं खनिज, असेल. मोंटाना राज्यातल्या लिबीची खाण १९९० पर्यंत चालू होती, तिथल्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता, आणि अमेरिकेतल्या घरांत गेलेलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट तिथलंच. ते हलवू नका, तिथे सामान ठेवू नका, आणि ब्लोअर डोअर लावायच्या आधी ऑडिटरला सांगा. दुसरं, १९७८ च्या आधीचा रंग शिशाचा असू शकतो. खिडक्या-दारांवर काम करणाऱ्याकडे शिसं हाताळण्याचं ईपीएचं प्रमाणपत्र हवं. घरात रांगणारं मूल असेल तर हा मुद्दा पैशांवर तोलू नका.

स्प्रे फोम सुरक्षित आहे का?

सुकल्यावर, आणि प्रमाणात मिसळला असेल तर, हो. फवारताना त्यात आयसोसायनेट ही श्वासाला त्रास देणारी रसायनं असतात, म्हणून त्या वेळी घरात कोणी थांबायचं नाही. परत कधी यायचं ते उत्पादकाच्या कागदावर पाहा, बहुधा २४ तास. दम्याचा रुग्ण असेल तर मी सेल्युलोज (कागदापासून बनलेलं इन्सुलेशन) सुचवतो.

एअर प्युरिफायर घेतला तर हे सगळं टाळता येईल?

कण कमी होतील. रेडॉन, कार्बन मोनॉक्साइड, ओल तशीच राहील. ओझोन सोडणारं यंत्र कोणी भेट दिलं तरी वापरू नका. फर्नेसला मर्व्ह १३ (बारीक कण गाळणारा) फिल्टर चांगला, पण एक इंचाच्या जुन्या खाचेत तो हवा अडवू शकतो, तंत्रज्ञाला दाब मोजायला सांगा.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा बंदिस्त घरांचा मोठा फायदा दिसला. अशा दिवशी बाहेरून हवा आणणारं यंत्र बंद ठेवा आणि घरातच गाळा. चार मर्व्ह १३ फिल्टर, वीस इंची बॉक्स फॅन आणि चिकटपट्टी एवढ्यात कॉर्सी-रोझेंथल बॉक्स, म्हणजे हवा गाळायचा घरगुती खोका, तयार होतो. दिसायला ओबडधोबड, कामाला पक्का. शाळकरी मुलांना जोडायला द्या.

डक्ट क्लीनिंगचे फोन सारखे येतात.

ठेवून द्या. नियमित साफसफाईची शिफारस ईपीए करत नाही. आत बुरशी, उंदीर किंवा कचरा प्रत्यक्ष दिसला तरच. त्यापेक्षा डक्टचे सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या जाड लेपाने) बंद करा. गंमत म्हणजे डक्ट टेप डक्टवर टिकत नाही: लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये चाचण्या घेतल्या, त्यात तीच नापास झाली.

पूजेला अगरबत्ती, धूप, कधी होम असतो. आता तेही बंद करायचं?

मी कोण सांगणार. समईला शुद्ध तेल किंवा तूप, वात आखूड, अगरबत्ती खिडकीजवळ आणि एकच. होम असेल तर अंगणात, नाहीतर दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडून, एकीत बाहेर फेकणारा पंखा लावून. आणि हो, होमाच्या वेळी स्मोक अलार्मवर प्लास्टिकची टोपी चढवली असेल तर आरतीनंतर ती आठवणीने काढा. एका घरात ती गणपतीपासून नाताळपर्यंत तशीच होती.

पैसे किती, आणि मदत मिळते का?

ऊर्जा खात्याचा वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम १९७६ च्या कायद्यातून आला. उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आत असेल तर काम मोफत होतं, आणि घरमालकाची परवानगी असेल तर भाडेकरूंनाही. बाकीच्यांनी आपल्या वीज-गॅस कंपनीकडे ऑडिट आणि सवलतींची चौकशी करावी. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह नावाची योजना हे काम करते. इन्सुलेशनवरची ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ती अजून मिळेल असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच निरोप द्या.

आम्ही अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो.

मुख्य दाराखाली पट्टी लावा, सिंकखालच्या पाइपभोवतीची भोकं बुजवा, शेजारच्या सिगारेटचा वास बराचसा तिथूनच येतो. हूड बाहेर जात नसेल तर फोडणीच्या वेळी खिडकीत पंखा, तोंड बाहेर करून.

काम नीट झालं हे ओळखायचं कसं?

आकडे लेखी मागा. ब्लोअर डोअरचा आधीचा आणि नंतरचा आकडा, प्रत्येक पंख्याचा मोजलेला सीएफएम (खोक्यावर छापलेला नव्हे), चिमणीच्या परीक्षेचा निकाल. करार करतानाच हे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता कागद हातात पडल्यावर द्या. रेडॉनची दुसरी चाचणी मात्र स्वतः करा, शक्यतो पुढच्या हिवाळ्यात.